हॉकीचे जीएम

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीच्या मागच्या गेटसमोर चहाची एक टपरी आहे. तिथे चार जुनी माणसं जमली की दुसऱ्या कटिंगला एक वाद हमखास निघतो. गांगुर्डे साहेबांनी निवडलेल्या सोळा पोरींपैकी बरोबर किती आणि चुकलेल्या किती? कुणी म्हणतं बारा बरोबर, कुणी म्हणतं चौदा. पेंट शॉपमधल्या एका गृहस्थांनी हॉकीचा एकही सामना आयुष्यात शेवटपर्यंत पाहिलेला नाही, पण ते दहाच्या वर जायला तयार नसतात. मी या वादात सहसा पडत नाही. पडलोच तर एवढंच म्हणतो, की सोळांचं सोडा बाबांनो, साहेबांची खरी चूक त्या सोळांत नव्हतीच. मग सगळे चहाच्या ग्लासात बघायला लागतात, कारण ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि साहेब आता नाहीत.

गांगुर्डे साहेब आमच्याकडे पर्सोनेल ऑफिसर होते. आमची कंपनी गाड्यांचे दिवे बनवते. मी डिस्पॅचला. पर्सोनेलचा माणूस म्हणजे कामगारांच्या लेखी मालकाचा आणि मालकाच्या लेखी कामगारांचा, म्हणजे कुणाचाच नाही. साहेबांना त्याचं काही वाटायचं नाही. उंच, काटकुळा देह, इस्त्रीची पँट आणि तिच्याखाली पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. दर शनिवारी ते बूट खडू लावून उन्हात ठेवलेले असायचे. मुंबईहून मोठे साहेब आले तरी बूट तेच. खिशात भाजलेले शेंगदाणे. समोरचा माणूस फार बोलायला लागला की साहेब शांतपणे एक दाणा सोलायचे आणि त्याच्यापुढे धरून म्हणायचे, "घे." दाणा हातात आला की समजायचं, आपला अर्ज नामंजूर झाला. युनियनच्या एका पुढाऱ्याने एकदा तक्रार केली होती, की या माणसाने मला आजवर किलोभर दाणे खाऊ घातलेत आणि एकही मागणी मान्य केलेली नाही.

हॉकीचं वेड त्यांना देवळाली कॅम्पात लागलं. लहानपणी सैनिकांचे सामने ते तारेच्या कुंपणाला नाक लावून बघायचे. मोडलेली एक स्टिक त्यांना एका जवानाने दिली, ती सायकलच्या ट्यूबने बांधून पहिली दोन वर्षं खेळले. पुढे जिल्ह्याकडून खेळले, मग गुडघा गेला. गुडघा गेला पण खेळ गेला नाही. आयुष्यात एकदा तरी आपल्या हाताने, पहिल्या विटेपासून एक संघ उभा करायचा, हे त्यांच्या मनात घर करून बसलेलं होतं. ते कुणाला सांगायचे नाहीत. मला एकदाच, स्कूटरवर मागे बसून सांगितलं होतं, तेही सिग्नलला.

आणि रिटायर व्हायला थोडी वर्षं उरलेली असताना योग आला. जिल्ह्यात मुलींच्या हॉकीची साखळी स्पर्धा सुरू होती, चार जुने संघ होते. अंबडमधल्या काही कंपन्यांनी मिळून पाचवा संघ काढायचं ठरवलं. मैदान मिळालं, गणवेश मिळाले, व्यवस्थापक म्हणून साहेबांचं नाव एकमताने आलं. आमच्या कंपनीला एक जनरल मॅनेजर होतेच, पण त्या दिवसापासून शॉप फ्लोअरवर 'जीएम' म्हटलं की लोक विचारायचे, दिव्यांचे की हॉकीचे?

सगळं मिळालं, फक्त खेळणाऱ्या पोरी नव्हत्या. त्यावर स्पर्धेच्या समितीने एक तोडगा काढला. प्रत्येक जुन्या संघाने आपल्या दहा मुली राखून ठेवायच्या. उरलेल्या मोकळ्या. त्या मोकळ्या मुलींमधून साहेबांनी प्रत्येक संघातल्या चार उचलायच्या. न उचललेल्या आपापल्या संघात परत. निवडीसाठी मुदत होती दोन आठवड्यांची. टपरीवर लगेच थट्टा सुरू झाली, की आपला संघ म्हणजे लोकांच्या ताटात उरलेलं. साहेब म्हणाले, "घरी उरलेल्या पोळ्यांचं काय करता? फोडणीची पोळी करता ना? आणि ती सकाळी ताज्या पोळीच्या आधी संपते की नाही?" पेंट शॉपच्या गृहस्थांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर साहेबांनी दाणा पुढे केला.

पण मोकळ्या मुलींची नावं कळली तेव्हा थट्टा थांबली. पंचवटीच्या संघाने मोकळ्या सोडलेल्या मुलींत एक नाव होतं रूपाली गांगुर्डे. गोलकीपर. साहेबांची सून.

पंचवटीच्या संघाचे व्यवस्थापक खैरनार सर म्हणजे गोड बोलून गळा कापणारा माणूस. केसांना कलप, तोंडात 'दादा'. त्यांचा हिशेब सरळ होता. त्यांच्याकडे गोलकीपर दोन, त्यातली रूपाली मोकळी सोडायची. सासरा सुनेला घेणार हे नक्की, नाही घेतली तर घरात जेवायला कोण वाढणार? म्हणजे चारांतली एक जागा तिथेच जाणार आणि मोकळ्यांपैकी मधल्या फळीतली त्यांची एक चांगली मुलगी वाचणार. ही अक्कलहुशारी त्यांनी चार ठिकाणी बोलूनही दाखवली. आता सगळ्या जिल्ह्याचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं, साहेब सुनेला घेतात की नाही.

रूपाली सटाण्याकडची. एका शाळेत पी.टी.ची शिक्षिका. नवरा, म्हणजे साहेबांचा मुलगा, फिरतीच्या नोकरीवर. लग्नानंतर खेळायचं सोडणार नाही, हे तिने बघायच्या कार्यक्रमातच सांगितलं होतं, आणि साहेबांनी मान डोलावून ते मान्यही केलं होतं. पण त्या घरात एक अजब रीत होती. हॉकीचा विषय जेवणाच्या टेबलावर यायचा नाही. सून सामना खेळून यायची, पॅडची भलीमोठी बॅग दारामागे टाकायची, आणि सासरा विचारायचा, "आज भाजी कसली?" चांगली खेळलीस म्हणायचे नाहीत आणि वाईट खेळलीस असंही म्हणायचे नाहीत. घर वेगळं आणि मैदान वेगळं, असं त्यांचं म्हणणं. तिला त्याचं काय वाटायचं हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि साहेबांनाही कळत नसावं.

मोकळ्या मुली बघायला आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून फिरलो. साहेबांची पद्धत न्यारी. मैदानावर खेळ बघायचाच, पण त्यानंतर मुलीच्या घरी जायचं, तेही न सांगता. "सांगून गेलं की लोक घर झाडून ठेवतात," ते म्हणायचे. "आणि माणसंही." हातात अर्धा किलो चिवडा. घरात आईशी बोलायचं, बापाशी बोलायचं, पोरगी घरात कशी वावरते ते बघायचं. मी म्हटलं, साहेब, आपण खेळाडू निवडतोय की सून? ते म्हणाले, "चेंडू पायाशी असताना पोरगी कशी आहे ते आंधळ्यालाही दिसतं. चेंडू लांब असताना ती काय करते ते बघायला घरीच जावं लागतं."

सायखेड्याची शीतल आम्ही अशीच बघितली. उजव्या बाजूने वाऱ्यासारखी जायची, पण तिच्या संघाने तिला राखलं नव्हतं, का तर सरावाला दांड्या मारते. रविवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा ती कांद्याच्या शेतातून नुकतीच आलेली, हात धुवत होती. दारात दोन प्रौढ माणसं, एकाच्या हातात पुडा. तिच्या आत्याने आम्हाला एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि पोरीला दंडाला धरून आत नेलं. साहेब मला हळूच म्हणाले, "स्टिक आणायला गेली असेल." आम्ही बसलो. पाणी आलं, मग चहा आला, मग आतून कांद्याच्या फोडणीचा वास आला. स्टिक काही आली नाही.

शीतलचे वडील बोलायला साधे. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग ते घसा साफ करून म्हणाले, "आमची काय अपेक्षा नाय साहेब. पोरगी कामाला वाघ हाय. फकस्त एक हाय, तिला खेळायचा लय नाद हाय. तेवढं तिला खेळू द्या."

साहेब एकदम खुलले. "अहो, त्यासाठीच तर आलोय."

"मंग तर देवच पावला." बापाचे डोळे भरून आले. "दुसरीकडचे पाव्हणे तेच आधी बंद करायला सांगत्यात."

मला शंका यायला लागली होती, पण साहेब सुसाट होते. म्हणाले, "आमच्याकडे रोज पहाटे उठावं लागेल, कष्ट आहेत. पण एकटी पडणार नाही, पंधरा जणी असतील जोडीला." बापाचा चेहरा जरा चमत्कारिक झाला. तेवढ्यात शीतल हिरव्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन पोह्यांच्या बशा घेऊन आली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पोह्यांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. आत्याने विचारलं, "मुलगा काय करतो म्हणायचा?"

उलगडा झाल्यावर सगळ्यात मोठ्याने हसली ती शीतल, पदर खांद्यावर टाकून. तिचा बाप मात्र हसला नाही. म्हणाला, "पण मी जे बोललो ते खरंच हाय. खेळू द्या तिला." साहेबांनी खाली वाकून त्या माणसाचे दोन्ही हात हातात घेतले. आम्ही जेवूनच निघालो. सरावाच्या दांड्या कांद्याच्या कामामुळे होत्या हे तिथे कळलं, आणि साहेबांनी सरावाची वेळ बदलून टाकली. ती पुढे आमच्याकडून सगळ्यात जास्त गोल करणारी झाली. पेंट शॉपवालेही तिला बरोबरच्या रकान्यात घालतात.

मंगलचं उलटं. ती त्र्यंबकच्या पलीकडच्या डोंगरातली. आईबाप पावसाळ्यात भात-नागली करायचे आणि नंतर द्राक्षबागांत मजुरीला यायचे. तिला ज्यांनी संघात घेतलं होतं त्यांना वाटलं होतं, डोंगरातली पोरगी म्हणजे हरणासारखी पळणार. मंगल अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात हळू पळायची. म्हणून सोडून दिली. आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात धाकट्या भावाला वाढत होती. दाराशी कुत्रं भुंकत होतं, कोंबड्या पायात येत होत्या, आम्ही दोघं परके उभे. पोरीने भावाचं ताट पुरतं वाढलं, मग हात पुसला, मग आमच्याकडे बघितलं. साहेब परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "हिला बचावात उभी करायची. समोरून कोण येतंय म्हणून ही जागा सोडणार नाही." आणि खरोखर तिने सोडली नाही. तिच्या अंगावर आलेल्या पुढच्या फळीतल्या पोरी चिडून रडकुंडीला यायच्या.

अशी घरं आम्ही पुष्कळ पालथी घातली. कित्येक मुली, कित्येक चहा. एका घरी मात्र आम्ही गेलो नाही, आणि ते साहेबांचं स्वतःचं होतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साहेब बौद्ध वस्तीत वाढलेले, दर पौर्णिमेला न चुकता विहारात जाणारे. पर्सोनेलच्या खुर्चीत बसले त्या दिवसापासून लोक त्यांच्याकडे एकाच संशयाने बघत आले, की हा आता आपली माणसं भरणार. दुसऱ्या कुठल्या ऑफिसरने पुतण्याला लावलं तर लोक म्हणायचे, घरचं बघावंच लागतं. साहेबांनी वस्तीतला एखादा पोरगा त्याच्या गुणांवर घेतला तरी कँटीनमध्ये माना हलायच्या. त्यामुळे साहेबांना सवयच लागली होती. आपला म्हणून जो दिसेल त्याला आधी बाजूला काढायचं, मग बाकीच्यांचा विचार करायचा. सख्ख्या पुतण्याचा अर्ज त्यांनी न वाचता परत केला होता. भाऊ पाच वर्षं बोलत नव्हता. ही सवय त्यांना त्यांच्या स्वभावाने लावलेली नव्हती, ती आम्ही सगळ्यांनी बघून बघून लावली होती.

निवडीचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. चारही संघांचे लोक, पालक, दोन वार्ताहर. साहेब उभे राहिले. हातात कागद नाही. एकेका संघाचं नाव घ्यायचे आणि चार मुलींची नावं सांगायचे. शेवटी पंचवटी. खैरनार सर खुर्चीत रेलून हसत होते. साहेबांनी पहिलंच नाव घेतलं ते त्या मधल्या फळीतल्या मुलीचं. खैरनार सरांचं हसू जागच्या जागी राहिलं. मग दुसरं, तिसरं, चौथं. रूपालीचं नाव आलं नाही. गोलकीपर त्यांनी आधीच दुसऱ्या संघातली एक कोवळी मुलगी घेतली होती.

मग टाळ्या पडल्या. लोक उठून साहेबांचे हात हातात घेऊ लागले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "न्याय असावा तर असा." दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात 'निःस्पृह' असा शब्दही आला. साहेबांच्या चेहऱ्यावर मी जन्मात पहिल्यांदा एवढा आनंद बघितला. मलाही तेव्हा फार अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

मी त्यांना घरी सोडलं. दार रूपालीने उघडलं. तिला फोनवर कळलेलंच होतं. तिने आम्हाला पाणी दिलं, चहा दिला, "वाघकाका, साखर बरोबर आहे ना?" असं मला विचारलं. मग दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"पप्पा, एक विचारू? मी कितवी होते? चारांत नाही आले ते कळलं. पाचवी होते, की सहावी?"

साहेब म्हणाले, "तसं काही नाही गं. तुला मी मोजलंच नव्हतं."

त्यांना म्हणायचं होतं की घरचं माणूस म्हणून मी तुला स्पर्धेच्या बाहेर ठेवलं होतं. मला कळलं. पण रूपालीच्या तोंडावरचा रंग गेला. ती म्हणाली, "तेच विचारत होते," आणि कप उचलून आत गेली. साहेब सोफ्यावर बसून राहिले. हॉलमधल्या टाळ्या तिथपर्यंत पोचत नव्हत्या.

स्पर्धा सुरू झाली. नवा संघ म्हणून आम्हाला कुणी गृहीत धरत नव्हतं, पण आम्ही तळाला गेलो नाही, मधल्या जागेवर टिकलो. टपरीवर रोज साहेबांचा जयजयकार. आणि तिकडे पंचवटीत रूपाली बाकावर बसली. खैरनार सरांचा डाव फसला होता, त्याचा राग कुठेतरी निघायला हवा होता. पण त्यांना फार काही करावंच लागलं नाही. ते एकच वाक्य बोलायचे, "दादा, घरच्यांनीच घेतली नाही, म्हणजे काहीतरी असणार." बस. सोळा मुली घरोघर जाऊन पारखणाऱ्या माणसाने आपल्या घरातली सोडली, याचा दुसरा अर्थ लोक काय काढणार? कुणी म्हणालं गुडघा गेलाय. कुणी म्हणालं नजर कमी झालीय. कॉलनीतल्या बायका वेगळ्याच निष्कर्षाला आल्या आणि एकीने कैरीचं लोणचं आणून दिलं. बातमी सटाण्याला पोचली आणि आईचा फोन आला, "रूपा, खरं शे का व माय?" रूपालीने सांगितलं, नाही आई, काही खरं नाही. फोन ठेवला आणि लोणच्याची बरणी घेऊन बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. हे मला काकूंनी, साहेबांच्या पत्नीने सांगितलं.

गांगुर्डेकाकू म्हणजे साहेबांच्या बरोबर उलट, जे मनात ते तोंडावर. एका संध्याकाळी मी गेलो असताना त्या माझ्यासमोरच साहेबांना म्हणाल्या, "अहो, साऱ्या जिल्ह्याच्या पोरी बघून आलात. सायखेड्याला पोहे खाल्लेत, डोंगरात जाऊन नागलीची भाकर खाल्लीत. हिच्या हातचं रोज जेवता. हिला एकदा तरी बघायला गेलात का?"

साहेबांनी खिशात हात घातला. काकू म्हणाल्या, "दाणा नका देऊ मला."

त्यांनी हात रिकामा बाहेर काढला.

त्या आठवड्यात साहेब मला म्हणाले, "वाघ, उद्या सकाळी गाडी काढ. पंचवटी." आम्ही त्यांच्या मैदानाच्या कोपऱ्यात, एका कडुनिंबामागे उभे राहिलो, दोन चोरांसारखे. सराव चालू होता. सामन्यात बसवली तरी सरावाला गोलकीपर लागतेच, तेव्हा रूपाली गोलात उभी होती. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी परत येताना स्कूटरवर ते म्हणाले, "सोळांत ही पहिली यायला हवी होती."

मी म्हटलं, "पहिली म्हणजे, घ्यायला हवी होती असं ना?"

"पहिली म्हणजे पहिली. आधी हिला घ्यायचं आणि मग दुसऱ्या पंधरा शोधायला निघायचं. पुढे सरकून मारणारीचा कोन कसा बंद करते बघितलंस? मी खैरनारला हसत होतो, वाघ. तो डावपेच करत होता तरी त्याला ती दिसत तरी होती. मला दिसलीच नाही."

मोसम संपला तेव्हा पंचवटीने रूपालीला सोडून दिलं. आता नियमाने कुठलाही संघ तिला घेऊ शकत होता, पण कुणी विचारलं नाही. मी साहेबांना म्हटलं, घेऊन टाका आता, लोक काय बोलायचे ते बोलोत.

"लोकांचं सोड," ते म्हणाले. "लोक बोलतील तर बोलू देत, एवढं मी आता शिकलो. पण मी घेतली तर ती काय समजेल? पप्पांना वाईट वाटलं म्हणून घेतलं. घरात भांडण नको म्हणून घेतलं. तिला परक्या माणसाने निवडली पाहिजे, खेळ बघून. आणि मी त्या खुर्चीत आहे तोवर ते व्हायचं नाही."

पुढच्या सोमवारी त्यांनी व्यवस्थापकपद सोडलं. कारण सांगितलं रक्तदाबाचं. देवळालीच्या कुंपणापासून ज्याची वाट बघितली होती ते त्यांना एका मोसमापुरतं मिळालं आणि त्यांनी ते आपण होऊन खाली ठेवलं. टपरीवर सगळे हळहळले. दुसऱ्या एका कंपनीतून नव्या बाई आल्या, तरुण, औरंगाबादकडच्या, कुणाला ओळखत नव्हत्या. त्यांनी खुली चाचणी ठेवली. रूपाली जाणार नव्हती. काकूंनी तिची बॅग दारामागून ओढून तिच्या पायाशी आणून ठेवली, तेव्हा गेली. साहेब त्या दिवशी मैदानाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. माझ्याकडे येऊन बसले आणि माझ्या बायकोला पसाभर मटार सोलून दिले. अर्धे खाल्ले. दुपारी काकूंचा फोन आला, की घेतली. साहेबांनी "बरं" म्हटलं आणि उरलेले मटार सोलायला लागले.

त्यांनी पद का सोडलं हे रूपालीला कुणी सांगितलं, ते मला माहीत नाही. मी नाही सांगितलं. काकूंच्या पोटात मात्र काही राहत नाही.

नव्या मोसमातला आमचा पहिला सामना पंचवटीशीच आला. साहेब आता कुणीच नव्हते, त्यामुळे त्यांना बाकाजवळ बसायला परवानगी नव्हती. ते प्लॅस्टिकची एक खुर्ची घेऊन जाळीमागे, रूपालीच्या पाठीशी जाऊन बसले. मी शेजारी उभा. तिने येताना आम्हाला पाहिलं, पण बोलली नाही. पहिल्या हाफमध्ये तिने दोन पेनल्टी कॉर्नर असे अडवले की खैरनार सर उठून उभे राहिले. नंतर मात्र त्यांची एक मुलगी मंगलला चकवून एकटी आत आली आणि गोल झाला. मंगलला कुणी चकवल्याचं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. सगळे मंगलवर ओरडले.

रूपालीने जाळीतला चेंडू काढून फेकला. मग चेहऱ्यावरचं हेल्मेट वर केलं आणि वळून जाळीतून साहेबांकडे बघत विचारलं, "पप्पा, चूक कुणाची?"

मी मनात म्हटलं, आता मंगलचं नाव घ्या आणि मोकळे व्हा. साहेब म्हणाले, "तुझी. मंगल हुकली हे तुला आधी दिसलं होतं. तू बाहेर यायला उशीर केलास."

रूपाली त्यांच्याकडे बघत राहिली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. मग तिचा चेहरा हळूहळू असा फुलला, की मी लग्नाच्या फोटोतही तिला तशी बघितलेली नाही.

"हो ना," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटलं." आणि हेल्मेट खाली ओढून, दोन्ही खांबांना स्टिक लावून पुन्हा उभी राहिली, या वेळी पाऊलभर पुढे.

सामना आम्ही त्या एका गोलाने हरलो. मी फाटकापाशी स्कूटर सुरू करून थांबलो. साहेब आले ते रूपालीबरोबर. तिच्या पॅडची ती अजस्र बॅग त्यांच्या पोटाशी होती. म्हणाले, "तू हो पुढे, वाघ. मी हिच्याबरोबर जातो. अजून तीन चुका सांगायच्या राहिल्यात."

"दोनच आहेत," रूपाली म्हणाली. "तिसरी पंचांची होती."

"पंचांची नव्हती. चल, सांगतो."

पुढचा पावसाळा यायच्या आधीच साहेब गेले. झोपेतच गेले, फार त्रास झाला नाही. पण मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचे, सुनेच्या स्कूटीवर मागे बॅग कवटाळून बसलेले. पांढरे बूट दोन्ही बाजूंना लोंबकळत होते आणि एक हात सोडून ते तिला हवेत कोन काढून दाखवत होते. ती मान मागे वळवून काहीतरी वाद घालत होती. स्कूटी सिग्नलला थांबली, सिग्नल सुटला, मागच्या रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, तरी त्यांचं बोलणं संपत नव्हतं.